वाळूतून तेल निघत नाही, हे कोणी सिद्ध करायचे?

सैद्धांतिक संगणकशास्त्रात आयुष्य घालवणाऱ्या संशोधकाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न जुनाच आहे. पण यंत्रांना भाषा आणि चित्रे हाताळता येऊ लागल्यापासून तो अधिक धारदारपणे विचारला जातो. एका बाजूचे म्हणणे असे की संगणकाच्या क्षेत्रातली दृश्य प्रगती प्रयोगातून, प्रचंड माहितीसाठ्यातून आणि अभियांत्रिकीतून होत असताना फळ्यापुढे प्रमेये सिद्ध करीत बसणाऱ्यांवर सार्वजनिक पैसा आणि बुद्धिमान तरुण माणसे का खर्च करायची? दुसरी बाजू ठरलेले उत्तर देते. आज निरुपयोगी वाटणारे ज्ञान उद्या कामाला येते, पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या संख्या-सिद्धांताचेच पाहा, त्यातून आजच्या कूटलेखनाची, म्हणजे संदेश गुप्त राखण्याच्या विद्येची, साधने निघाली, तेव्हा धीर धरा. हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या पायावर चालला आहे असे मला वाटते, कारण दोन्ही पक्षांनी एकच तागडी मान्य केली असून वजन आज करायचे की पन्नास वर्षांनी, एवढ्यापुरतेच त्यांचे भांडण आहे. माझी भूमिका अशी की हा संशोधक समाजाला काय करता येईल, काय येणार नाही आणि का, याविषयीचे सिद्ध झालेले ज्ञान देतो, आणि ते ज्या दिवशी सिद्ध होते त्या दिवशीच पूर्ण असते. भावी उपयोगाची हमी त्याला जोडावी लागत नाही. उलट, अशी हमी संशोधकाकडून वदवून घेणे आणि त्याचे काम वर्षाकाठच्या शोधनिबंधांच्या संख्येने मोजणे, या दोन गोष्टींनी या पेशाचे जे नुकसान चालवले आहे ते निरुपयोगीपणाच्या आरोपाने कधीच झाले नसते.

प्रयत्न केला तर वाळूचे कण रगडूनही तेल गळते, ही ओळ आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मूळ श्लोकाचा रोख वेगळा असला तरी लोकांच्या तोंडी ती प्रयत्नांची महती सांगणारी म्हणूनच राहिली. सैद्धांतिक संगणकशास्त्राचे निम्मे काम या ओळीच्या उलट दिशेने चालते. कोणत्या वाळूतून कितीही रगडले तरी तेल निघणार नाही हे तेथे शोधायचे असते, आणि ‘मला निघाले नाही’ एवढ्यावर भागत नाही. आजवर सुचलेल्या आणि यापुढे कोणालाही सुचू शकेल अशा प्रत्येक युक्तीने ते निघणार नाही, हे दाखवावे लागते. १९२८ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांनी विचारले होते की तर्कशास्त्राच्या भाषेत मांडलेले कोणतेही विधान दिले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरवणारी एखादी निश्चित रीत असू शकेल काय. १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उत्तर दिले की अशी रीत असू शकत नाही. रीत असेल तर ती लिहून दिली की काम संपते; पण एकही रीत नाही असे म्हणायचे तर ‘रीत’ म्हणजे काय हे आधी नेमके ठरवावे लागते. पंचविशीही न गाठलेल्या ट्युरिंग यांनी त्यासाठी पट्टीवर चिन्हे लिहिणारे आणि पुसणारे एक यंत्र कल्पिले. पुढे संगणक म्हणून जे आपल्या हाती आले त्याची ही गणिती व्याख्या ‘हे करता येणार नाही’ या विधानाच्या सिद्धतेतली एक पायरी म्हणून जन्मली. त्याच सिद्धतेच्या पोटातून हेही निघाले की दिलेला प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे सर्व प्रोग्रॅमांच्या बाबतीत अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. यंत्रे कितीही वेगवान झाली तरी या विधानात तसूभर फरक पडलेला नाही.

अशक्यतेच्या ज्ञानाची किंमत समजून घ्यायची असेल तर संगणकाच्या मागे जाऊन पाहावे. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला की शाश्वत गतीची यंत्रे, वर्तुळाचे चौरसात रूपांतर, कोनाचे त्रिभाजन आणि घनाचे द्विगुणन यांची उत्तरे सापडल्याचा दावा करणारी टिपणे यापुढे तपासली जाणार नाहीत. अकादमीच्या हाती तेव्हा अनुभव होता, सिद्धता नव्हती. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करणारी रीत असू शकत नाही हे पिएर वांत्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. वर्तुळाच्या प्रश्नाचा निकाल फर्डिनांड फॉन लिंडेमान यांनी १८८२ मध्ये लावला. ठराव आणि सिद्धता यांत फरक काय? ठरावाने फक्त दार बंद केले. दारापलीकडे काही असेल ही शंका तशीच राहिली. सिद्धतेने ती शंका संपवली आणि शिवाय बीजगणिताची एक नवी नजर देऊन गेली.

याहून जवळचे उदाहरण सादी कार्नो यांचे. १८२४ मध्ये त्यांनी उष्णतेच्या शक्तीविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा वाफेची इंजिने खाणींत, गिरण्यांत, बोटींवर जोमाने चालत होती, आणि ती सुधारणारे कारागीर सिद्धांतावाचून अडलेले नव्हते. त्या काळी कोणी विचारले असते की इंजिने चालतच आहेत, मग या तरुणाच्या चिंतनाचा उपयोग काय, तर त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हते. पुस्तकाची जवळजवळ कोणी दखल घेतली नाही. १८३२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी कार्नो पटकीने गेले. क्लापेरॉन यांनी १८३४ मध्ये त्यांचा विचार पुढे आणला, आणि शतकाच्या मध्यावर केल्व्हिन आणि क्लाउसियुस यांच्या हातून त्यातून उष्मागतिकी उभी राहिली. कार्नो यांनी एकही इंजिन सुधारले नव्हते. दोन ठरावीक तापमानांच्या दरम्यान चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाला, ते कोणीही आणि कशाचेही बनवलेले असो, एक मर्यादा ओलांडता येत नाही, एवढेच त्यांनी सांगितले होते. त्यानंतर मात्र इंजिनाच्या कर्त्याला आपण त्या मर्यादेपासून किती दूर आहोत हे विचारता येऊ लागले. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी गोंगाट असलेल्या मार्गावरून संदेश धाडण्याबाबत नेमके हेच केले. संदेश बिनचूक पोचवायचा तर तो जास्तीत जास्त किती वेगाने धाडता येईल, ती वरची मर्यादा त्यांनी सांगितली. तिच्या अगदी जवळ नेणारी व्यवहार्य संकेतने, म्हणजे गोंगाटातही संदेश शाबूत राखणाऱ्या लेखनरीती, १९९० च्या दशकात हाती आली. त्यांतला एक प्रकार रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारासच मांडून ठेवला होता, पण तो पेलणारी यंत्रे तेव्हा नव्हती म्हणून तीस वर्षे मागे पडला. आज ५जी जाळ्यांत तो वापरला जातो. मधल्या साऱ्या काळात अभियंत्यांनी कोणत्या क्षितिजाकडे पाहून काम केले? शॅनन यांच्या प्रमेयाकडेच ना?

आता विरोधकांचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ, कारण ते टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. सैद्धांतिक संशोधक एखाद्या प्रश्नाला ‘अवघड’ म्हणतात तेव्हा बहुधा सर्वांत वाईट उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून म्हणतात, आणि व्यवहारात येणारी उदाहरणे तशी नसतात. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी ज्या तार्किक समाधेयतेच्या प्रश्नाला (दिलेल्या सर्व तार्किक अटी एकदम पाळता येतील का, या प्रश्नाला) अवघडपणाच्या केंद्रस्थानी बसवले, तोच प्रश्न आज लक्षावधी चलांसह औद्योगिक सॉफ्टवेअर दररोज सोडवते. लिनियर प्रोग्रामिंगसाठी, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सर्वांत फायद्याची वाटणी शोधण्यासाठी, जॉर्ज डँझिग यांनी १९४७ मध्ये दिलेली सिम्प्लेक्स पद्धत काही उदाहरणांत घातांकी वेळ (प्रश्न थोडा वाढला की दुपटी-दुपटीने वाढणारा) घेते असे क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. तरीही ती वापरणाऱ्यांनी सोडली नाही, कारण त्यांच्या प्रश्नांवर ती झपाट्याने चालत होती. १९७९ मध्ये खाचियान यांनी हे प्रश्न बहुपदी वेळात, म्हणजे प्रश्न वाढला तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, सुटतात असे सिद्ध केले, पण त्यांची पद्धत प्रत्यक्षात सिम्प्लेक्सपेक्षा संथ ठरली. आणि उदाहरणांवरून शिकणाऱ्या आजच्या यंत्रांच्या, न्यूरल नेटवर्कांच्या, बाबतीत तर सिद्धांत सरळ मागे पडला आहे: ती इतकी चांगली का शिकतात याचे समाधानकारक उत्तर आज त्याच्यापाशी नाही. हे सर्व खरे आहे आणि ते मान्य करताना मला संकोच वाटत नाही.

पण या यादीतली प्रत्येक गोष्ट थोडी पुढे नेऊन पाहावी. सिम्प्लेक्स पद्धत कागदावर वाईट आणि व्यवहारात चांगली, हे कोडे ‘सिद्धांत चुकला’ म्हणून सोडून देता आले असते. संशोधकांनी ते सोडले नाही. खाचियान यांच्यानंतर पाच वर्षांनी नरेंद्र करमरकर यांनी दिलेली पद्धत सिद्धता आणि वेग दोन्ही राखणारी होती, आणि तिच्या घराण्यातल्या पद्धती आज सर्वत्र वापरात आहेत. २००१ मध्ये डॅनियल स्पीलमन आणि शांग-हुआ तेंग यांनी सिम्प्लेक्सचे कोडेही उलगडले: वाईट उदाहरणे इतकी नाजूक असतात की आकड्यांना किंचित धक्का लागला तरी त्यांचा वाईटपणा टिकत नाही, आणि प्रत्यक्ष जगातल्या आकड्यांना असा धक्का नेहमीच लागलेला असतो. व्यवहाराला हे माहीत होते काय? व्यवहाराला एवढेच माहीत होते की पद्धत चालते. एखादी गोष्ट का चालते हे ठाऊक नसेल तर ती कुठे बंद पडेल हेही ठाऊक नसते, आणि न्यूरल नेटवर्कांबाबत आज आपण नेमके त्याच ठिकाणी उभे आहोत. सिद्धांताला तेथे उत्तर देता आलेले नाही हे प्रश्न अवघड असल्याचे लक्षण आहे. तेवढ्यावरून प्रश्नच नको म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

शिवाय एक प्रदेश असा आहे की जेथे प्रयोग सिद्धतेची जागा मुळातच घेऊ शकत नाही. कूटलेखनात उदाहरण निसर्ग निवडत नाही, शत्रू निवडतो. हजार तज्ज्ञांनी एखादी सांकेतिक पद्धत फोडण्याचा प्रयत्न केला आणि ती फुटली नाही, यावरून त्या हजारांविषयी काही कळते, पुढच्या एकाविषयी नाही. मर्कल आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत चार वर्षांनी आदी शमीर यांनी मोडली. पद्धत मोडण्याची वाट पाहत राहण्याऐवजी ‘ही पद्धत कोणी मोडली तर त्याला अमुक प्रसिद्ध अवघड प्रश्नही सोडवता येईल’ असे प्रमेय मागायचे, ही शिस्त सैद्धांतिक संशोधकांनी या विद्येला लावली. शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी याच काळात एक विलक्षण प्रश्न विचारला: एखादे विधान खरे आहे हे, त्याच्या खरेपणापलीकडे काहीही उघड न करता, समोरच्याला पटवून देता येईल का? तो निबंध परिषदांकडून अनेकदा नाकारला गेला आणि अखेर १९८५ मध्ये स्वीकारला गेला. १९९३ मध्ये या विषयातल्या निबंधांसाठीचा पहिला गोडेल पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत तो होता.

दुसरा आक्षेपही मी मान्य करतो, आणि तो आमच्या घरातला आहे. या विषयातल्या लेखनाचा काही भाग विधीसारखा झाला आहे. मॅट्रिक्स गुणाकाराचेच पाहा. आकड्यांच्या दोन चौरस तक्त्यांचा गुणाकार नेहमीच्या रीतीने करायला तक्त्याच्या बाजूच्या घनाइतक्या, म्हणजे घातांक ३ इतक्या, पायऱ्या लागतात. १९६९ मध्ये फोल्कर श्ट्रासेन यांनी तो घातांक २.८१ वर आणला तेव्हा खरोखर डोळे उघडले. १९९० पर्यंत तो २.३७६ वर आला. त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळात तो सुमारे २.३७१ वर पोचला आहे, आणि हे अल्गोरिदम कोणत्याही यंत्रावर चालवण्याजोगे नाहीत. यांतल्या काही निबंधांत नवी कल्पना होती, हे खरे. पण आसपासच्या अनेक विषयांत अशाही सुधारणा छापल्या जातात की ज्यांत कल्पना जुनीच असते आणि बेरीज-वजाबाकी तेवढी अधिक काटेकोर असते. बाहेरच्या माणसाने हे पाहून तोंड वाकडे केले तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र हा विधी संशोधकांच्या आवडीतून आला की दरवर्षी काहीतरी छापून दाखवण्याच्या सक्तीतून, हा प्रश्न त्याने पुढे विचारायला हवा.

त्याआधी आमच्या बाजूच्या वकिलांविषयी बोलले पाहिजे, कारण माझी तक्रार त्यांच्याविषयी अधिक आहे. ‘उद्या उपयोग होईल’ हा बचाव वाचलेल्यांचीच गणती करतो. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये संख्या-सिद्धांताचा युद्धाला काही उपयोग कोणाला सापडलेला नाही असे म्हटले. १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी ब्रिटिश गुप्तचर संस्थेत आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी उघडपणे, मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड आहे याच गोष्टीवर कूटलेखन उभे केले. गोष्ट सुंदर आहे. पण अशी एक वाट निघाली तेव्हा तिच्यासारख्या किती वाटा कुठेच पोचल्या नाहीत? त्यांची यादी कोणी ठेवत नाही. उपयोग हेच समर्थन असेल तर न पोचलेल्या वाटांवरचे सारे काम वाया गेले असे म्हणावे लागेल, आणि मग संशोधकाचे आयुष्य म्हणजे सोडतीचे तिकीट ठरेल. २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आयआयटी कानपूर येथे सिद्ध केले की संख्या मूळ आहे की नाही हे नशिबाचा आधार न घेता बहुपदी वेळात ठरवता येते; त्यांतले दोघे नुकतेच पदवीधर झाले होते. व्यवहारात मूळसंख्या तपासण्यासाठी यादृच्छिकतेवर आधारलेल्या अधिक वेगवान चाचण्या १९७० च्या दशकापासून होत्या आणि आजही त्याच वापरल्या जातात. उपयोगाच्या तागडीत या प्रमेयाचे वजन जवळजवळ शून्य भरते. तरीही ते वाचताना या विषयातला प्रत्येक जण हरखून गेला, कारण या प्रश्नात नशिबाची खरोखर गरज आहे का, ही दशकानुदशके लोंबकळत राहिलेली शंका नऊ पानांच्या साध्या युक्तिवादाने मिटली. ज्या बचावात हे प्रमेय बसत नाही तो बचाव आम्ही का स्वीकारावा?

या बचावाचा एक नैतिक दुष्परिणामही आहे आणि मला तो सर्वांत अधिक बोचतो. जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणायचे, तसूभरही अधिक नाही, हीच सैद्धांतिक संशोधकाच्या शिक्षणाची शिस्त असते. प्रमेयात ‘जवळजवळ सर्व’ असेल तर ‘सर्व’ लिहिणे हा तेथे अपराध आहे. त्याच माणसापुढे अनुदानाचा अर्ज येतो आणि त्यात अपेक्षित परिणामांचा रकाना असतो. मी स्वतः अशा एका अर्जाच्या मसुद्यावर काम केले आहे. विषय होता एका विशिष्ट प्रकारच्या परिपथांसाठी खालच्या मर्यादा, म्हणजे अमुक कामाला परिपथ निदान किती मोठा लागेल हे, सिद्ध करण्याचा. रकान्यात आम्ही माहितीची सुरक्षितता, वेगवान सेवा आणि ऊर्जेची बचत असे लिहिले. त्यातले एकही वाक्य आमच्यापैकी कोणाला सिद्ध करता आले नसते, किंबहुना त्यावर आमचा विश्वासही नव्हता. अर्ज मंजूर झाला. ती वाक्ये लिहिताना माझ्याबरोबर बसलेल्या विद्यार्थिनीने विचारले की हे आपण कशावरून म्हणतो, आणि तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्या पेशाचे एकमेव भांडवल म्हणजे शब्दाची विश्वासार्हता, त्याच्या दारावरच खोटे बोलण्याचा कर घेतला जात असेल तर आत शिरणाऱ्या तरुणांना आपण काय शिकवतो?

आता सक्तीकडे. या विषयात निबंध मुख्यतः परिषदांत प्रसिद्ध होतात. दोन सर्वांत मान्यवर परिषदांपैकी एक वर्षाच्या मध्याला आणि दुसरी वर्षअखेरीकडे भरते, आणि संशोधकाचे वर्ष त्यांच्या अंतिम तारखांभोवती फिरते. पीएचडीनंतर एक-दोन वर्षांच्या नेमणुका, एकेका ठिकाणाहून दुसरीकडे, आणि प्रत्येक नेमणुकीच्या मध्यावर पुढच्या नेमणुकीचे अर्ज. निवड समितीत विषयाबाहेरची माणसे असली की ती यादीची लांबी पाहतात, पहिला लेखक कोण हे पाहतात. या विषयात लेखकांची नावे वर्णानुक्रमे लावण्याची रीत आहे, म्हणजे पहिले नाव आडनावाच्या आद्याक्षरापलीकडे काही सांगत नाही, हे अनेकांना ठाऊकही नसते. दोन वर्षांची नेमणूक असलेला शहाणा तरुण कोणता प्रश्न निवडेल? ज्याचे उत्तर सहा महिन्यांत येईल असा. त्याची निवड चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. त्याला ती करायला लावणारी व्यवस्था चुकीची आहे.

कारण या विषयातली मोठी कामे सहा महिन्यांची नाहीत. दोन ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी) रचनेने एकच आहेत का हे ओळखण्याच्या प्रश्नावर लास्लो बाबाई १९७० च्या दशकापासून काम करीत होते. त्यांच्या आणि यूजीन लक्स यांच्या कामातून १९८३ च्या सुमारास त्याला लागणाऱ्या वेळाची जी मर्यादा हाती आली ती तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली, आणि २०१५ मध्ये पासष्टाव्या वर्षी बाबाई यांनी ती ओलांडली. स्वतः कुक यांचे उदाहरण तर या पेशाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १९७० मध्ये बर्कलीच्या गणित विभागाने त्यांना कायम नेमणूक नाकारली. ते टोरोंटोला गेले आणि पुढच्याच वर्षी समाधेयतेवरचा तो निबंध आला. बर्कलीतच असलेल्या रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये त्या पायावर तितक्याच अवघड एकवीस प्रश्नांची साखळी बांधली आणि कुक यांना राखता आले नाही याची खंत पुढे जाहीरपणे व्यक्त केली. त्या विभागाने मुद्दाम अन्याय केला असे मी म्हणत नाही. ज्या मापाने त्यांनी मोजले त्या मापात कुक यांचे काम दिसतच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर जो प्रतिप्रश्न येतो तो योग्यच आहे: मोजायचे नाही तर खोल काम आणि नुसते बसून राहणे यांत फरक कसा करायचा? ‘वेळ द्या आणि विचारू नका’ ही मागणी कोणत्याही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या पेशाला करता येत नाही, आणि मीही ती करीत नाही. माझे म्हणणे असे की या पेशापाशी इतरांना हेवा वाटावा असा न्यायाधीश आधीच आहे. सिद्धता बरोबर असते किंवा नसते. २०१७ च्या जानेवारीत हराल्ड हेल्फगॉट यांना बाबाई यांच्या युक्तिवादात एक चूक सापडली. बाबाई यांनी आपला दावा जाहीरपणे सौम्य केला आणि काही दिवसांत दुरुस्ती देऊन मूळ दावा पुन्हा प्रस्थापित केला. वय, मान, कीर्ती यांपैकी काहीही मध्ये आले नाही. इतकेच काय, अपयशालाही येथे प्रमेयाचे रूप देता येते. ‘पी विरुद्ध एनपी’, म्हणजे ज्याचे उत्तर झटपट तपासता येते ते झटपट शोधताही येते का, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, पण तो कोणत्या मार्गांनी सुटणार नाही हे १९७५ मध्ये बेकर, गिल आणि सोलोव्हे यांनी, १९९४ मध्ये (कूटलेखनातले एक रूढ गृहीतक धरून) राझबोरोव्ह आणि रुडिक यांनी, २००८ मध्ये ॲरनसन आणि विग्डरसन यांनी सिद्ध केले आहे. आपण का हरतो आहोत हे इतक्या काटेकोरपणे सांगणारी विद्या मला दुसरी ठाऊक नाही. आणि नुसता नीट विचारलेला प्रश्नही येथे मोलाचा ठरतो: सुभाष खोत यांनी २००२ मध्ये मांडलेली अटकळ अजून सिद्धही झालेली नाही आणि खोटीही ठरलेली नाही, तरी कोणत्या प्रश्नांची अंदाजी उत्तरे काढणेही अवघड आहे याविषयीचे दोन दशकांचे काम तिच्याभोवती उभे राहिले आहे. मोजमाप करायचे तर वाचून करावे. उमेदवाराने स्वतः निवडलेली तीन-चार कामे समितीतल्या जाणकारांनी खरोखर वाचावीत, त्याच्याशी त्यावर दोन तास बोलावे, आणि नेमणूक एखाद्या अवघड प्रश्नात दोनदा अपयश येऊ शकेल इतकी लांब असावी. वाचायला वेळ लागतो म्हणून आपण मोजतो. न्याय करण्याचे कष्ट टाळण्यासाठी संख्या आली आहे, वस्तुनिष्ठतेसाठी नाही.

तरुणांच्या बाजूने एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्याचे आम्ही टाळतो. कायम जागा थोड्या आहेत आणि पीएचडी करणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्या मिळणार नाहीत. ‘कुठेही जा, विचार करायची सवय कामाला येईल’ असे म्हणून हा प्रश्न झाकू नये. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला खरा हिशेब दाखवावा, आणि तरीही त्याला पाच वर्षे एका प्रश्नाशी झुंजायचे असेल तर ती पाच वर्षे त्याला निर्वेधपणे द्यावीत. फळा आणि कागद यांवर चालणारी विद्या स्वस्त असते असे आमच्यातले काही अभिमानाने सांगतात. तिथे माणसांची वर्षे खर्च होतात हे ते विसरतात.

२०१० च्या सुमारास कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाच्या आकारात मांडलेल्या गणनेचा एक प्रश्न पुढे ठेवला. तो थोड्या स्मृतीत (संगणकाच्या मेमरीत) सुटत नाही असे सिद्ध करावे आणि त्यातून एक मोठा निष्कर्ष काढावा, अशी त्यांची आशा होती. घडले उलटे. कुक यांचे पुत्र जेम्स कुक आणि इयान मर्ट्झ यांनी २०२४ मध्ये दाखवले की तो प्रश्न अपेक्षेपेक्षा फारच थोड्या स्मृतीत सुटतो. वडिलांची वाळू मुलाच्या हातात तेल देऊन गेली. २०२५ च्या प्रारंभी रायन विल्यम्स यांनी त्याच युक्तीचा आधार घेऊन सिद्ध केले की एखाद्या गणनेला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण वर्गमुळाइतक्या स्मृतीत ती पार पाडता येते. या बाबतीतली आधीची उत्तम मर्यादा हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट यांची, १९७५ ची होती. वर्गमुळाच्या जागी कितीही लहान घात आणता आला, तर मोजक्या वेळात सुटणारे प्रश्न आणि मोजक्या स्मृतीत सुटणारे प्रश्न हे दोन वर्ग एक नाहीत हे कायमचे ठरेल. त्याला पाच वर्षे लागतील की आणखी पन्नास, हे आज कोणीही सांगू शकत नाही. आणि हा प्रश्न हाती घेण्याची तयारी आणि कुवत असलेली एखादी तरुण संशोधक या क्षणी कुठेतरी पुढच्या वर्षी संपणाऱ्या नेमणुकीवर बसून, अपेक्षित परिणामांच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करीत असेल.